गाडीबरोबर येणारी माणसं

माझ्या बायकोच्या मामांच्या अंगात आजवर जितके अमेरिकन येऊन गेले, तितके अमेरिकन आमच्या इथल्या इतक्या वर्षांत ओळखीचेही झालेले नाहीत. अंगात येणं म्हणजे केस मोकळे सोडून घुमणं नव्हे. मामा मूळचे सांगलीचे, टेलिफोन कंपनीतून रिटायर होऊन इकडे अमेरिकेत पिस्कॅटवेला स्थायिक झालेले, आणि केस म्हणाल तर सोडण्यासारखे उरलेलेच नाहीत. त्यांच्या अंगात माणसं यायची ती गाडीबरोबर. दोन दारांच्या, लांब नाकाच्या, सिग्नलला उभ्या असतानाही गुरगुरणाऱ्या जुन्या मसल कार हे मामांचं वेड. मोडकळीला आलेली गाडी आणायची, गॅरेजमध्ये ती मूळ होती तशी उभी करायची आणि तिची कदर असणाऱ्या माणसाच्या हाती सोपवायची. गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत तिच्या पहिल्या मालकाच्या सवयी मामांना जडत. एक जांभळी गाडी आली तेव्हा जन्मभर आल्याचा चहा प्यायलेला हा माणूस सकाळी काळी कॉफी मागायला लागला. तिच्यानंतरची आली आणि मामा डावा पाय ओढत चालू लागले. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहे. गाडी गेली, तसा पायही सुधारला.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. कशावरही विश्वास न ठेवण्याबद्दल मला पगार मिळतो. त्यामुळे मी हे सगळं म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं, ते हिरवी गाडी येईपर्यंत. हिरवीच्या काळात मामा शीळ घालायला लागले. लहानपणी घरात शीळ घातली म्हणून त्यांनी वडिलांचा मार खाल्लेला, आणि आता दिवसभर तीच एक धून, तीही अर्ध्यात तुटणारी. एका शनिवारी दुपारी आम्ही तिथे असताना एक वयस्कर अमेरिकन बाई गाडी बघायला आल्या. ही गाडी मुळात त्यांच्या वडिलांची. मामा बॉनेटमध्ये डोकं घालून शीळ घालत होते. बाई ड्राइव्हवेवरच थांबल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, की हे गाणं तुम्हाला कुणी शिकवलं? ते त्यांच्या वडिलांनी स्वतःच रचलेलं होतं, आणि पुढचं कधी सुचलंच नाही म्हणून तेही तिथेच थांबायचे. मामा खाली मान घालून हात पुसत राहिले. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. बाईंना मामींनी आत नेऊन पोहे खाऊ घातले.

मामी या प्रकाराला पुरत्या सरावलेल्या होत्या. नवी गाडी आली की दुसऱ्याच दिवशी त्यांचा माझ्या बायकोला, म्हणजे मेघनाला, फोन. "या वेळचा बरा आहे गं. जेवला की आपलं ताट आपण घासतो. मी यांना म्हटलं, घाई करू नका, याला चांगला दिवाळीपर्यंत ठेवून घ्या." एकदा कुणीतरी तिरसट आला होता, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालायचा. त्या गाडीचं काम मामींनी मागे लागून लागून भराभर उरकून घेतलं.

मामांची गाडीत शिरायची रीतही ठरलेली होती. आधी अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, रंगाला चरा जायला नको म्हणून. मग काचेवर टकटक करायची आणि विचारायचं, "आहे का कुणी घरात?" अगदी मराठीत.

"मामा, आतला अमेरिकन असणार. त्याला मराठी कसं कळेल?" मी एकदा म्हटलं.

"जावईबापू, मेल्यावरही एवढं कळत नसेल, तर मरून उपयोग काय?"

मग ते आत नुसते बसून राहायचे. सीट किती मागे सरकवलेली, स्टिअरिंग कुठल्या हाताखाली झिजलेलं, हे बोटांनी चाचपायचे. "डावखुरा होता. आणि बायकोशी पटत नव्हतं. शेजारची सीट बघा, कोरी करकरीत."

जुन्या गाड्यांच्या या जगात लबाडीला तोटा नाही. साध्या गाडीवर मोठ्या इंजिनाच्या गाडीचा साज चढवायचा, इंजिनावर कारखान्यात ठोकलेले आकडे घासून नवे ठोकायचे, आणि अस्सल म्हणून गळ्यात मारायची. म्हणून लांबलांबचे लोक गाडी घेण्याआधी मामांना दाखवायला न्यायचे. अशाच एका कामाला मी त्यांना पेनसिल्व्हेनियात ड्राइव्ह करून घेऊन गेलो होतो. लालभडक गाडी, आरशासारखा पत्रा. मामा नेहमीप्रमाणे टकटक करून आत बसले, आणि लगेच बाहेर आले. चेहरा उतरलेला. "यात कुणीच नाही," एवढंच म्हणाले. भुताखेताला न भिणारा हा माणूस रिकाम्या गाडीला मात्र भ्यायचा. मग त्यांनी इंजिनावरच्या आकड्यांवर टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं.

"खोटे आहेत."

"कशावरून? किती सरळ ओळीत आहेत!"

"म्हणूनच. कारखान्यातला माणूस दिवसभर तेच ठोकणार. त्याचं निम्मं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे. त्याचा एक आकडा कलंडतो, एक खोल जातो. हे आकडे कुणीतरी जीव ओतून, अस्सल दिसावेत म्हणून ठोकलेत. जावईबापू, अस्सल करायला गेलं की नक्कल होते. आपण काय करतोय हे ज्याला ठाऊकच नसतं, त्याच्याच हातून अस्सल उतरतं."

परतताना वाटेत कॉफीला थांबलो, तेव्हा ते म्हणाले, त्या गाडीत बसल्यावर कुणी नसलेल्या घरात फोन वाजत राहतो तसं वाटलं.

मामींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची निरोप द्यायची एक तऱ्हा होती, ती सांगायला हवी. मामा निरोप द्यायचे तो उंबऱ्यातून. मामी मात्र थेट आमच्या गाडीपर्यंत यायच्या, टपावर तळहाताची एक मोठी थाप आणि मागोमाग दोन घाईच्या मारायच्या, बांगड्या पत्र्यावर किणकिणायच्या, आणि विचारायच्या, "पाणी घेतलंय ना?" आम्ही राहतो ती जर्सी सिटी तिथून हाकेच्या अंतरावर नसली तरी वाळवंटापलीकडेही नाही. आम्ही दर वेळी हसायचो आणि पाणी कधीच घेतलेलं नसायचं. उंबऱ्यातून मामांची हाक यायची, "अगं, पत्रा! पत्रा!" दुसऱ्याच्या गाडीला बोट लावणं हे त्यांच्या लेखी महापाप.

मामी गेल्यावर मामांनी गॅरेजमधली अर्धवट झालेली गाडी देऊन टाकली आणि तिथे मामींची रोजची गाडी आणून लावली. मळखाऊ रंगाची, चार दारांची, मागचा बंपर डावीकडे चेपलेला, सीटच्या फटीत इंडियन ग्रोसरीतले तांदळाचे दाणे. एक दाणाही हलवू दिला नाही. सांता क्लाराहून त्यांची मुलगी स्नेहल फोनवर समजावायची, "बाबा, प्लीज. इट्स जस्ट अ कार. डोनेट करून टाका." मामा हो म्हणायचे आणि दुपारी गॅरेजमध्ये जाऊन अंगठी काढून काचेवर टकटक करायचे. "आहेस का गं घरात?"

आम्ही दर रविवारी जातो. गेलो की ते स्वतःच सांगायचे, "नाही आली." पुढे पुढे त्यांचा धीर सुटायला लागला. एकदा म्हणाले, "मुद्दाम करून पाहिलं मी. तिच्यासारखं तळहातावर घेऊन चाखून पाहिलं, तिच्यासारखं फोनवर बोललो. नक्कल झाली नुसती. लाज वाटली." मग म्हणाले, "ज्यांचं नावगाव ठाऊक नाही ते येऊन माझ्या घरात कॉफी पिऊन गेले, जावईबापू. आणि हिची गाडी रिकामी. ही जन्मभर बसली त्यात, आणि कुणीच नाही." या माणसाला कशाची भीती वाटते हे मला माहीत होतं. निघताना त्यांनी सांगितलं, की उद्या सकाळी स्नेहलच्या त्या डोनेशनवाल्यांना फोन करून गाडी न्यायला सांगणार आहेत.

आम्ही गाडीत बसलो. मी इंजिन सुरू केलं. मामा उंबऱ्यात उभे होते. मग ते उंबरा ओलांडून खाली आले, ड्राइव्हवेवरून चालत आमच्या गाडीपर्यंत आले, आणि टपावर थाप पडली. एक मोठी, मागोमाग दोन घाईच्या.

"पाणी घेतलंय ना?"

मेघनाने माझा हात घट्ट धरला. मामांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते हवेकडे बघत होते, पाऊस येईल का याचा अंदाज घेत. त्यांचे हात रिकामे होते, अंगठी गॅरेजमध्येच राहिलेली. तरी थाप पडताना पत्र्यावर काहीतरी किणकिणलं. टेस्टर म्हणून माझा रिपोर्ट एवढाच: आवाज आला, कारण सापडलं नाही.

"मामा," मेघना कशीबशी म्हणाली, "मामींची गाडी इतक्यात देऊ नका ना."

"का गं?"

"असंच. मला हवीय ती."

"बरं," म्हणाले आणि पाय झटकत आत गेले.

सांगावं का त्यांना, यावर आम्ही परतीच्या वाटेवर भांडलो. मेघनाचं म्हणणं, ते रोज झुरताहेत, आणि आपण तोंड दाबून बसायचं? माझं म्हणणं, सांगितलं तर पुढच्या रविवारी ते लक्ष ठेवून थाप मारतील, अगदी मोजून, सरळ ओळीत. मग ती त्यांची असेल, मामींची नसेल. शेवटी ती रडली आणि मी हरल्यासारखा जिंकलो. मामांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. गाडी गॅरेजमध्येच आहे. दर रविवारी ते म्हणतात, "नाही आली रे," आणि आम्ही खाली बघतो. आणि दर रविवारी निघताना टपावर थाप पडते. आता आम्ही पाण्याची बाटली घेऊनच निघतो. मामा आत गेले, दार लागलं, की मेघना काच वर करते, बाटली मांडीवर घेते आणि हळूच म्हणते, "घेतलंय, मामी."