पावइंच मास्तर आणि पहिली खुर्ची

पावइंच मास्तरांचे डोळे गेले, अशी कुजबूज त्या वर्षी बाजारात सुरू झाली. कुणी म्हणे मोतीबिंदू, कुणी म्हणे आजार डोळ्यांत नाही, वर मेंदूत आहे. औषधांच्या दुकानाचा मालक तर शपथेवर सांगे, "अहो, मी त्याच खोलीत होतो! समोर वीतभर रेघ, आणि हा गृहस्थ चार बोटं आखूड रेघेला म्हणतो, ही तिच्याएवढीच. म्हणतो कसा? ठणकावून!"

आता ही बातमी कुणाबद्दल, तर शिंप्याबद्दल. तोही असातसा नाही. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याच्या पाठीचं माप मनात घेणारा. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "तुमचा डावा खांदा पाव इंच खाली आहे," असं मास्तर भर दुकानात सांगत, आणि तो बिचारा घरी जाऊन तासभर आरशासमोर तिरका उभा राही. त्यावरूनच नाव पडलं, पावइंच.

झालं होतं ते असं. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना खोलीला पडदे हवे होते. मास्तर मापं घ्यायला गेले आणि दारात उभ्या उभ्याच तिन्ही खिडक्यांची उंची सांगून मोकळे झाले. बाईंनी मोजून पाहिलं, तंतोतंत. मग बाईंनी चहा मागवला. प्राध्यापक मंडळी उगाच चहा मागवत नाहीत, हे मास्तरांच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

"मास्तर, तुमच्या नजरेवर सगळ्यांचा भरवसा आहे ना?"

"आहे की."

"मग मला तुम्ही खोटं बोलायला हवे आहात."

बाईंचा प्रयोग साधा होता. खोलीत आठ खुर्च्या. समोर एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हींतली कोणती त्या एकट्या रेघेएवढी, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. आठांतले सात जण बाईंचेच, काही कार्डांना ठरवून चुकीचं उत्तर देणारे. खरा माणूस एकच, सातव्या खुर्चीवरचा, आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो आपल्या डोळ्यांचं ऐकतो की चारचौघांचं, एवढंच बघायचं. पहिली खुर्ची मास्तरांची. तीस माणसं होईपर्यंत कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही, बायकोलाही नाही. "शेवटी मी स्वतः सगळ्यांना खरं सांगेन," बाई म्हणाल्या. विज्ञानाला आपली गरज पडली म्हणून मास्तरांची छाती फुगली. किती इंच, ते त्यांनी मोजलं नाही.

पहिल्या दिवशी खोटं बोलायची वेळ आली आणि तोंडातून खरंच बाहेर पडलं. "तिसरी." बाई खोकल्या. "छे छे, दुसरी," मास्तर म्हणाले आणि रुमालानं मान पुसू लागले. पण आठवड्याभरात जीभ अशी वळली की सातांत सगळ्यात झकास खोटं त्यांचंच.

आणि इथंच घात झाला. जी माणसं डोळ्यांशी इमान राखून "तिसरी" म्हणत, ती बाहेर पडली की मास्तरांवर हसत सुटत. औषधवाला त्यांतलाच. ज्यांनी मान खाली घालून "दुसरी" म्हटलं, ती मुकाट्यानं घरी जात. म्हणजे मास्तरांची बदनामी केली ती सगळी खरं बोलणाऱ्यांनी.

दुकानात काजं-बटणं करायला बायको बसायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून मास्तरांनी तिलाही काही सांगितलं नव्हतं. तिनं अफवा ऐकली आणि नवऱ्यानं घेतलेली मापं गुपचूप पुन्हा मोजायला लागली. एकदा तर त्यांच्या डोळ्यांसमोर हातच नाचवला.

"अहो, ही बोटं किती?"

"चार. आणि करंगळीशेजारचं सुजलंय."

"तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही," ती म्हणाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून आली. तोवर शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं होतं. मास्तरांनी दातावर दात ठेवून तेही सोसलं. शब्द दिला होता ना.

मग एका दुपारी एक पोरगी आली. इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायची. तिचे शाळेतले फ्रॉक मास्तरांनीच शिवलेले. कोट पुढे करून ती म्हणाली, "काका, याच्या बाह्या सारख्या आहेत का बघा ना. मला हल्ली कळतच नाही."

"तुला कळत नाही? नकाशे काय तुझे शेजारी काढतात?"

ती हसली नाही. पर्समधून तिनं घडी केलेला कागद काढला. नोकरी सोडायचा अर्ज होता. "एकच रेघ चार-चारदा मोजते, तरी खात्री वाटत नाही. उद्या माझ्या चुकीनं कुणाची भिंत पडली तर? त्या दिवशी कॉलेजात तुम्ही पहिले होतात. मला तिसरी दिसत होती. पण तुमची नजर कधी चुकत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून मीही दुसरी म्हटलं."

मास्तरांच्या हातातला खडू थांबला. तिचा तो खाली गेलेला आवाज त्यांनी पहिल्या खुर्चीवरून ऐकला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, वा, जमलं!

अजून अकरा माणसं व्हायची होती. मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा त्या अर्जाकडे.

"तिसरीच बरोबर होती, बाळ. आम्ही सातही जण मुद्दाम खोटं बोलत होतो."

बायकोच्या हातून बटणांचा डबा पडला. पोरगी मात्र जागची हलली नाही.

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही माझ्याकडे बघत बोललात?"

"हो."

तिनं अर्ज फाडला. तुकडे मास्तरांच्या टेबलावर ठेवले, कोट उचलला आणि म्हणाली, "बाह्या मी दुसरीकडे करून घेईन." आणि गेली.

मास्तर दुकान बायकोवर टाकून तडक कॉलेजात गेले. बाई चांगल्याच तापल्या. "फोडलंत? अहो, तीन महिन्यांची मेहनत!"

"बाई, कापड कापताना चूक झाली तर गिऱ्हाईक दारातून जायच्या आत सांगतो मी. तुमचं गिऱ्हाईक घरी जातं, रात्र रात्र जागतं, आणि तुम्ही म्हणता तीस झाल्यावर सांगू. ती पोरगी नोकरी सोडत होती."

बाई पडद्याची किनार चाचपू लागल्या. मग म्हणाल्या, "ती बाहेर पडताना थँक यू म्हणाली होती. मला वाटलं, ठीक आहे."

पुढची अकरा माणसं झालीच नाहीत. मास्तरांच्या बायकोला कळलं म्हटल्यावर ती व्हायची तरी कशी? दुसऱ्या दिवसापासून बाई आणि मास्तर आधीच्या एकोणीस जणांच्या घरी एकेक करून गेले. काहींनी चहा दिला, काहींनी दार अर्धंच उघडलं. औषधवाल्याचं तोंड सगळ्यांत जास्त उतरलं. "म्हणजे मी बरोबर होतो, एवढंच? त्यात विशेष काय राहिलं मग?" त्यानं आपली गोष्ट काही बदलली नाही. ती सांगण्यात त्याची फार हौस फिटे.

गणवेशांचं काम परत आलं नाही. पोरगी वर्षभरानं आली, पडद्याचं कापड घेऊन. मास्तर माप सांगायला गेले तर म्हणाली, "थांबा, मी मोजते," आणि टेप तिनं स्वतः धरली.

मास्तरांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्या खोलीत त्यांना प्रत्येक रेघ बरोबर दिसत होती. त्यांना खोटं बोलायला सांगितलं होतं, आणि ते बोलले.