लॉनमधला ठिपका

श्री. म्हस्कू. पद : हिरवळ सहायक, कंत्राटी. पूर्वानुभव : निरंक. कर्तव्य : संस्थेच्या अतिथीगृहासमोरील हिरवळ सर्व बाजूंनी एकसमान राखणे.

पूर्वानुभव निरंक असलेल्या या माणसानं अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं होतं, आणि त्या वाटेत कन्हेरीच्या शिवारातला हा तुकडाही लागायचा. तेव्हा इथं कॅनॉलच्या वळणावर नुसतं पडीक रान होतं. एका वर्षी तिथं मेंढरांचा तळ पडलेला असताना म्हस्कूची धाकटी लेक तापानं गेली. तिला तिथंच एका बाभळीजवळ पुरलं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून म्हस्कूनं त्याच जागेवर मेंढरं बसवली. रात्रभर सगळा कळप तिच्यावर रवंथ करत राहिला. पुढं तळ हलला, कालांतरानं मेंढरंही विकली गेली, आणि म्हस्कू पोटासाठी ज्या लॉनवर कामाला लागला ते नेमकं त्याच वळणावर निघालं. खुणेची बाभळ तुटली होती. तळाची बरीचशी जागा पार्किंगखाली गेली होती.

युरिया आणि कॅनॉलचं पाणी पिऊन लॉनची जमीन कडक झालेली, गवत पिवळं. मधोमध मात्र दोन घोंगड्या पसराव्यात एवढा तुकडा गडद हिरवा. त्यावर म्हस्कू मशीन नेत नसे. चपला काढून विळ्यानं कापायचा.

“तात्या, इथं काय देव बसवलाय का?” व्यवस्थापक रणजितसाहेबांनी विचारलं.

“न्हाय साहेब. मेंढरं बसली हुती. लेंडीखताचा गुण हाय.”

हे खरं होतं. निम्मं.

“फोटोत डाग दिसतोय. पाहुणे यायच्या आत जेसीबी लावून खणून घेऊ, माती बदलू.”

“खणू नगा,” म्हस्कू एवढ्या जोरात म्हणाला की त्याचं त्यालाच कसंतरी झालं. “बाकीचं लॉन तेच्यासारखं करतो. डाग दिसला तर मग आणा जेसीबी.”

“सगळं? चमत्कारच म्हणायचा,” साहेब हसले. पण जेसीबी थांबला.

म्हस्कूनं कुंपणाकडेला ढीग घातला. साखर कारखान्याची मळी, भावकीतल्या कळपांची लेंडी, पाचट, कापलेलं गवत. थंडीच्या सकाळी ढिगातून वाफा निघायच्या. कुजलं का बघायला तो कोपरापर्यंत हात घालायचा आणि लवकर काढायचा नाही. आत झोपलेल्या लेकराच्या अंगाएवढी ऊब असायची.

मग सळईनं लॉनला भोकं पाडून, चाळलेलं खत मुठीमुठीनं पसरून तो पाणी देत गेला. हिरवा रंग कडांकडून ठिपक्याकडं सरकत आला. उन्हाळ्याच्या तोंडाला रणजितसाहेबांनी फोटो काढला. “वा तात्या, गालिचा केलात की!” पाहुणे येऊन गेले. खणायचा विषय संपला.

त्यानंतर गोजरबाई, म्हस्कूची बायको, पहिल्यांदाच आत आली. एवढी वर्षं ती फाटकातच डबा देऊन माघारी फिरायची. आज पदरात गुळाचा खडा होता.

“कुठं वं?”

“ही काय, हितं.” तो थोडं चालून थांबला. “न्हाय... तितं असंल.”

“असंल?” गोजरबाई म्हणाली. “तुमीच पुरली न्हवं तिला?”

म्हस्कू वाकला. गवतावरून तळहात फिरवत पुढं सरकला, परत मागं आला. चपला त्यानं मघाशीच काढल्या होत्या. आता पाय कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

हिरवळ सर्व बाजूंनी एकसमान होती.