गोठ्याच्या कौलावर आईची दाढ

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात बघते. दातावरच्या किटणात अडकलेला धान्याचा कण भिंगाखाली दिसला, की थेट त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसल्यासारखं वाटतं आणि मला आजही एकटीला हसू फुटतं. यंदा एका बाईची दाढ आली होती, माथा घासून सपाट झालेला. दगडावर दळताना त्याची कच पिठात उतरते आणि तीच दात झिजवते, असं माझं म्हणणं. ताडून बघायला जात्यावरचं खाऊन म्हातारं झालेलं माणूस हवं होतं. आणि तिकडे गावी, अवसरीत, आईची दाढ हलत होती! तिचं माहेर जुन्नरच्या डोंगरातलं. अवसरीत गिरणी आली तरी तिनं नाचणीसाठी जातं सोडलं नाही.

"काढली की जपून ठेव," असं मी फोनवर बजावून ठेवलं. मंचरला दाढ काढल्याचं कळताच मी एसटी पकडली.

"आई, दाढ कुठंय?"

"टाकली की गोठ्यावर. शेणाच्या गोळीत घालून." गाल सुजलेला, पण तोरा कायम.

"अगं, मी मागितली होती ना!"

"पडल्याला दात घरात ठेवत्यात व्हय? तुमचे समदे तिथंच टाकले, तवा नवे आले."

"ते दुधाचे होते!"

"मग मला नवा नको? हुरडा आलाय आता."

भाऊ शिडी धरून खदाखदा हसत होता. मी वर चढले, कौलं चाचपत राहिले. एका फटीत इवलासा दुधाचा दात सापडला. तो माझाच, तो माझाच, म्हणून आम्ही दोघं पोरांसारखे भांडलो. मग पन्हाळीत ती गोळी मिळाली.

दाढ धुतली. सपाट! मी आनंदानं ओरडलेच. मोबाइलवर प्रयोगशाळेतल्या त्या बाईच्या दाढेचा फोटो उघडून आईपुढे दोन्ही दाढा धरल्या. आईनं आपली दाढ हातात घेऊन फोटोशेजारी धरली.

"हिनंबी लई दळलंय गं," ती हळूच म्हणाली. "हिची कुणी टाकली न्हाई का छपरावर?"

"नाही गं."

 आईनं आपली दाढ माझ्या मुठीत दिली.

"ने. पण काम झालं की दोनीबी आण. तिचीबी टाकू."