आमच्या आमदाराने 'होय' म्हटलं की 'नाही'?

परळ आणि नायगाव यांच्या मधल्या एका मैदानावर मी वीसेक वर्षं मुलींना कबड्डी शिकवते आहे. नोकरी टपाल खात्यात केली, निवृत्तही झाले, पण इथे कोणी मला त्या नोकरीवरून ओळखत नाही. मैदानावरची ताई, एवढीच माझी ओळख. मी स्वतः याच मातीत खेळले. आता माझ्या हाताखाली खेळलेल्या मुलींच्या मुली खेळायला येतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी पेपरात आतल्या पानावर बातमी आली, की शहरातली मोकळी मैदानं देखभालीसाठी खाजगी संस्थांना लांब मुदतीच्या भाड्याने देता यावीत, असं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. संध्याकाळी मैदानावर तोच विषय. माझी एक जुनी खेळाडू होती, पोलीस लाइनीत राहणारी. तिची मुलगी आता आमच्या संघात चढाईला असते. ती म्हणाली, "ताई, आपले आमदार दरवर्षी इथे नारळ फोडतात आणि भाषणात सांगतात, हे मैदान म्हणजे माझी आई. मग आईला भाड्याने द्यायची वेळ आली तेव्हा ते काय करत होते?"

कोणी म्हणालं, त्यांनी विरोध केला असणार. कोणी म्हणालं, छे, पक्षाबरोबर हात वर केला असणार. अर्धा तास वाद चालला, आणि मग लक्षात आलं की आमच्यातल्या एकीलाही खरं काय ते माहीत नाही. इतकी वर्षं आम्ही या माणसाला निवडून देत होतो. तो लग्नाला येतो का, मयताला येतो का, पाणी गेलं की फोन उचलतो का, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. तिकडे आत बसून आमच्या नावाने तो काय करतो, हे मात्र कोणीच कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बघून सांगते," मी म्हटलं. त्यात काय, कुठेतरी लिहिलेलं असेलच.

आमच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर एक दादा राहतात. आधी सगळे चाळीत शेजारी होतो, चाळ पाडली आणि टॉवरमध्ये वर-खाली झालो. दादा विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जातं ते शब्दन् शब्द लघुलिपीत टिपून घ्यायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचं टेबल, आणि त्यावर टोकदार पेन्सिली अजूनही रांगेत लावलेल्या. मी जयभीम केला, बसले आणि विचारलं.

दादा हसले. "ताई, ते तुम्हाला कुठेच मिळणार नाही."

"का? आमच्या सामन्यात पोरीच्या एकेका चढाईचा गुण लिहितात!"

"लिहितात ना. इथे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. जिकडून आवाज मोठा, तिकडे बहुमत. त्याला आवाजी मतदान म्हणतात. मी टिपायचो ते इतकंच, की विधेयक संमत झालं. कोण काय ओरडलं ते कसं टिपणार? कोणी मतविभाजन मागितलं तरच एकेक माणूस मोजला जातो. ते क्वचितच मागतात."

तरी त्यांनी संगणकावर त्या दिवसाची कार्यवाही काढली. चष्मा लावून आम्ही दोघांनी ती पहिल्या ओळीपासून वाचली. चर्चेत आमच्या आमदारांचा एक शब्दही नव्हता. आणि मत म्हणाल, तर तो कुठेतरी विरून गेलेला एक आवाज.

मला संताप आला. पण दादांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. विधेयक आता वरच्या सभागृहात, म्हणजे विधान परिषदेत, जाणार. तिथे त्यात काही दुरुस्ती झाली, तर ते पुन्हा खाली येतं आणि त्या दुरुस्तीवर पुन्हा मत घेतात. "म्हणजे अजून वेळ आहे," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी, मी आणि पोलीस लाइनीतली ती, आमदारांच्या कार्यालयात गेलो. चहा आला. आमदार नेहमीसारखे हसतमुख.

"ताई, मी तुमच्याच बाजूचा. हे काय सांगायला हवं?"

"मग होय म्हणालात की नाही?"

"अहो, आवाजी मतदान होतं ते."

"आवाज तर तुमचाच होता ना?"

त्यांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "पक्षाची भूमिका असते, ताई. आणि खरं सांगू? लोकांना मैदान हवंय की सुधारणा हवी, हे मला तरी कुठे नक्की माहीत आहे? तुम्ही कबड्डीवाल्या आलात. उद्या दुसरे येतील, म्हणतील गाड्या लावायला जागा द्या."

मी रागानेच उठले, पण जिना उतरताना ते वाक्य टोचत राहिलं. कारण ते खोटं नव्हतं. लोकांना काय हवं ते मी तरी कुठे विचारलं होतं? मला जे हवं, तेच सगळ्यांना हवं असं मी धरून चालले होते.

म्हणून आम्ही विचारायला निघालो. तीन आठवडे रोज सराव संपला की वह्या घेऊन घरोघरी. चाळी, पोलीस लाइन, नवे टॉवर, लालबागच्या बाजूच्या दोन गल्ल्या. बहुतेक घरांनी सांगितलं, मैदान आमचंच राहू दे. पण सगळ्यांनी नाही. एका चाळीत एकेकाळी गिरणीत फिटर असलेले आजोबा भेटले. त्यांची नात माझ्याकडेच खेळते. ते मालवणीत गरजले, "देऊन टाका भाड्यान! निदान दिवे तरी लागतीत. पोरींका कपडे बदलूक जागा आसा काय थंय? तुमका वीस वर्सांत जमला काय ता?"

मुली साडीचा आडोसा धरून कपडे बदलत होत्या, हे खरंच होतं. मी त्यांचं मत जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून आमची मागणी बदलली: नुसतं मैदान नको, दिवे आणि मुलींसाठी खोलीही हवी.

आमदारांना आम्ही मैदानावरच बोलावलं. हार नाही, माईक नाही. मातीवर सतरंज्या अंथरल्या. माणसं इतकी आली की निम्मी कठड्यावर बसली. मी वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "यात बाजूने आहे तसं विरोधातही आहे. सगळं वाचा. तुम्ही अमुकच मत द्या, असा आमचा हट्ट नाही. हट्ट एवढाच, की जे द्याल ते नावानिशी द्या आणि इथे येऊन कारण सांगा. आम्हाला पटलं नाही तर तसं तोंडावर सांगू."

फिटर आजोबा मोठ्याने म्हणाले, "हां, ह्या बरोबर!"

आमदार बराच वेळ वह्या चाळत बसले. मग विचारलं, "ह्या घेऊन जाऊ?" आणि घेऊन गेले.

वरच्या सभागृहात खरंच दुरुस्ती झाली. जिथे रोजचा खेळ चालतो ती मैदानं भाड्याने देण्यातून वगळावीत आणि त्यांची देखभाल सरकारी खर्चाने व्हावी, अशी. त्या दुरुस्तीवर आमदारांच्या पक्षातच दोन मतं होती, त्यामुळे मत कोणीकडे द्यायचं याचा पक्षादेश निघाला नाही. विधेयक खाली परत आलं त्या दिवसाचे पास आमदारांनी स्वतः पाठवले. दादा, मी आणि पोलीस लाइनीतली, आम्ही तिघं गॅलरीत जाऊन बसलो. दादा तिथे प्रेक्षक म्हणून पहिल्यांदाच बसत होते. खाली प्रतिवेदकांच्या टेबलाकडे ते पुन्हा पुन्हा बघत होते.

दुरुस्ती मांडली गेली. आमचे आमदार बोलायला उठले. भाषण फार चांगलं नव्हतं, दोनदा अडखळले. पण हातात आमच्या वह्या होत्या. "माझ्या मतदारसंघातल्या मुली साडीचा आडोसा धरून कपडे बदलतात," ते म्हणाले, "ही लाज मैदान देऊन टाकून जाणार नाही. ती आपणच दूर करायची आहे." मग अध्यक्षांनी मत घेतलं. होय. नाही. दोन्हीकडून सारखाच गलका. अध्यक्ष निर्णय देणार, इतक्यात आमचे आमदार पुन्हा उभे राहिले.

"अध्यक्ष महोदय, मतविभाजन."

दादांनी माझं मनगट घट्ट धरलं. बाहेर घंटा वाजू लागली, सदस्य धावत आत आले, दारं बंद झाली. मग एकेका रांगेतून एकेक जण उभा राहून नाव आणि क्रमांक सांगू लागला. आमचा माणूस 'होय'वाल्यांच्या मोजणीत उभा राहिला आणि त्याने स्वतःचं नाव असं खणखणीत सांगितलं, की माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मी ते नाव बॅनरवर हजार वेळा वाचलं होतं. ते आमच्यासाठी उच्चारलेलं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुरुस्ती मंजूर झाली. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी असते. आम्ही तिघांनी हातावर हात दाबून धरले. पोलीस लाइनीतलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. बाहेर फुटपाथवर आल्यावर मात्र तिने अशी आरोळी ठोकली, की पहारेकरी वळून बघायला लागला. दादांनी, त्या शांत माणसाने, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं लिहीत होतो. आज वाटतंय, कोणीतरी वाचत होतं."

पुढे मैदानावर दिवे आले, मुलींसाठी खोली झाली. ते व्हायला दीड वर्ष गेलं आणि पन्नास अर्ज लागले. पण त्याहून मोठी गोष्ट मतदानाच्याच आठवड्यात घडली होती. ठरल्याप्रमाणे आमदार मैदानावर आले. सगळ्यांना वाटलं, आता सत्कार होणार. त्यांनाही वाटलं असावं, कपडे कडक इस्त्रीचे होते. तोच मागून एक बाई उठली. मी तिला ओळखतही नव्हते, नव्या टॉवरमधली असावी.

"मैदानाचं झालं, छान झालं," ती म्हणाली. "आता भाडेकरूंचं विधेयक येतंय म्हणतात. त्यावर तुमचं मत काय?"

सगळं मैदान हसलं. आमदारही हसले. मग त्यांनी सतरंजीवर बसकण मारली, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "अजून वाचलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगा."

आणि लोक सांगायला लागले.