लग्नापुरते दोन गाळे

उमरग्याच्या बाजारात धोंडप्पांचं दुकान आहे कासऱ्यांचं, दाव्यांचं, घुंगरमाळांचं. वडिलांपासून भाड्याचंच. दोर मोजायला त्यांना मीटरपट्टी लागत नाही. दोन्ही हात पसरले की झाला एक वाव. पण मालक कल्याणप्पांनी सुनेला मेडिकल टाकून द्यायचं म्हणून दुकान मागितलं, दावा लावला, आणि धोंडप्पांचे हात पुरते पसरेनासे झाले.

"अप्पा, वाव लई आखडला की तुमचा! बैल काय बसवून बांधू?" गिऱ्हाईक म्हणायचं. धोंडप्पा कसंनुसं हसून हातभर दोर वाढवून द्यायचे.

वकिलांनी धीर दिला होता. "त्यांची गरज खरी आहे, पण तुम्हाला दुसरी जागा नाही. कोर्ट तेही बघतं. तेवढ्यावरच आपण उभे आहोत." धोंडप्पांनी तसं शपथेवर लिहूनही दिलं. मग कल्याणप्पांच्या वकिलानं एक कागद दाखल केला. त्यावर श्रीशैलचा, म्हणजे धोंडप्पांच्या लेकाचा, कोट घातलेला फोटो. खाली ठळक अक्षरांत: 'वडील: स्वतःचे दोन गाळे, बसस्टँडसमोर.'

पोराच्या लग्नाचा बायोडाटा! समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जिल्हाभर फिरलेला, आणि कल्याणप्पा त्याच ग्रुपात. आता बायोडाट्यात पोराची उंची दोन इंच वाढते, पाच एकराचे दहा होतात, कुणी बोलत नाही. धोंडप्पांनी झेरॉक्सवाल्यापुढं उभ्याउभ्या गाळे वाढवले, एवढंच. पण त्या गाळ्यांकडं बघूनच भूमच्या सिद्धलिंगप्पांनी लेक भुवनेश्वरी द्यायची ठरवली. साखरपुडा झाला. लग्न तीन आठवड्यांवर.

गुरुवारी उलटतपासणी. गाळे खोटे म्हणावं तर सोयरीक जाते, खरे म्हणावं तर दुकान. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी धोंडप्पा दचकून उभे राहत.

"गाळे बांधताना मला विचारलं व्हतं का?" त्यांची बायको रुद्रम्मा म्हणाल्या. "आता भूमला जावा, अन् तुमच्याच तोंडानं पाडा."

बुधवारी तुळजापूरला गाडी बदलून धोंडप्पा भूमला पोचले. व्याह्यांच्या ओसरीवर बसून, चहाला हात न लावता, त्यांनी सगळं सांगितलं. सिद्धलिंगप्पा उठून आत गेले. आतनं बायकांचा आवाज चढला, एकदम थांबला. धोंडप्पांना वाटलं, चप्पल घालून निघावं.

बाहेर आली ती भुवनेश्वरी.

"मामा, त्यांना ठाऊक व्हतं?"

"कुणाला?"

"श्रीशैलना."

धोंडप्पांनी मान खाली घातली. "व्हय."

"मग उद्या कोर्टात खरं तेच सांगा. लग्नाचं आमी मागनं कळवू."

गुरुवारी धोंडप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. कल्याणप्पांच्या वकिलानं बायोडाटा नाचवला. "हे दोन गाळे तुमचेच ना?"

"न्हायत साहेब. एक बी न्हाय."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता?"

"व्हय साहेब. लग्नापुरतं."

कोर्ट हसलं. कल्याणप्पा मात्र हसले नाहीत. खाली बघत उपरण्यानं चष्मा पुसत बसले. पुढची तारीख महिन्यानंतरची पडली.

व्हरांड्यात फोन वाजला. भूमचा नंबर. धोंडप्पांनी फोन निखाऱ्यासारखा रुद्रम्मांच्या हातात टाकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"काय म्हणत्यात?" त्यांनी न वळताच विचारलं.

"उद्या श्रीशैलला लावून द्या म्हणत्यात. एकट्याला. भुवनेश्वरीला त्याला काय तरी इचारायचंय."

शेजारी उभ्या श्रीशैलच्या तोंडचं पाणी पळालं. धोंडप्पांनी पोराकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं तेच सांग," ते म्हणाले.