आधीची बादली

गच्चीवरून खाली येणाऱ्या सोलरच्या पाइपाला मेकॅनिक काळा फोम गुंडाळत होता, अगदी तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा. ही गेल्यापासून सकाळी नळाला गार पाणी येतं, म्हणून मी त्याला बोलावलं होतं.

"काका, बिघाड काही नाही," तो म्हणाला. "पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी गार होतंच. गरम यायच्या आधी एक बादली काढावी लागते. फोममुळे आता थोडी कमी."

"इतकी वर्षं नाही लागली काढायला," मी म्हणालो.

शेजारी उभी असलेली माझी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आई तुमच्या आधी उठून ती बादली काढायची. त्याच पाण्याने आंघोळ करायची."

मी पाइपावरच्या फोमवर हात ठेवला. ऊब आपोआप पोचत नाही. वाटेतला गारठा कुणीतरी अंगावर घेतलेला असतो.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी कौतुकाने सांगायचो, "सोलर बसवल्यापासून बघा, नळ उघडला की कढत पाणी."

तेव्हा ही चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची.