पहिलं पाणी

लाजेपायी मी एक कुत्रा मारला असता. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, पाचोऱ्याजवळच्या एका गावात मी जनावरांचा नवा डॉक्टर होतो. नवा म्हणजे अंगात रग आणि तोंड जरा जास्तच चालणारं.

केळीच्या मळ्यात एकट्या राहणाऱ्या एका आक्कांचा कुत्रा आदल्या वर्षी गोचीड तापाने पडला होता. गोचीड चावली की तिच्यातले बारीक परजीवी रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. मी इंजेक्शन दिलं, ताप उतरला, आणि ऐटीत सांगून टाकलं की सगळं ठीक आहे. पंधरा दिवसांत तो ओकून ओकून गेला. आतून मूत्रपिंडं जात होती आणि मला पत्ताच नव्हता! आता आक्कांचा दुसरा कुत्रा, आणि तोच ताप.

या खेपेला मी पुस्तकं पालथी घातली होती. लघवी काचेच्या नळीत तापवायची. ती गढूळ झाली आणि आंबट औषधाचे थेंब टाकूनही गढूळच राहिली, तर मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत. कुत्रा ओकायला लागण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. कधी एकदा करून बघतो असं मला झालं होतं.

पण आईच्या वयाच्या बाईसमोर 'मूत' कसं म्हणायचं? मी म्हणालो, उद्या उजाडताच याचं पहिलं पाणी स्वच्छ बाटलीत धरून आणा. आक्कांनी मान डोलावली.

सकाळी बाटली आली. रंग फिका, वास नाही, पण उत्साहाच्या भरात मला कशाचं भान! नळी तापवली, तर आत आरपार दिसत होतं. मी खूश. सगळं ठीक, असं म्हणायला तोंड उघडणार, तोच आक्का कौतुकाने म्हणाल्या, "विहीरनं पहिलं पानी शे, डॉक्टरसाहेब. कोनी शिवेल बी नही."

आजारी जनावराला सकाळचं कुणी न शेंदलेलं पाणी पाजायची त्यांच्या घरची रीत होती. मी त्या रीतीचं पाणी उकळून बसलो होतो. हसावं की डोकं आपटावं कळेना.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि 'मूत' हाच शब्द उच्चारला. आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. काठीच्या टोकाला धुतलेला डबा बांधून आम्ही दोघं कुत्र्यामागे केळीत फिरलो. डबा जवळ गेला की तो पाय खाली घ्यायचा, असा बेरकी! शेवटी बांधाशी एकदाचा पावला.

लघवी पिवळी होती, रक्त उतरलेलं नव्हतं. नळीतल्या लघवीचा वरचा थर तापवला आणि ढग आला! थेंब टाकले, ढग हलला नाही. "सापडलं!" मी ओरडलो. मला हसताना बघून आक्काही हसल्या, आणि माझं तोंड उतरलं. त्यांना सांगावं लागलं की ठीक नाही, मूत्रपिंडाला धक्का लागलाय.

त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मांगला साल तुम्हीनी सांगं बठ्ठं ठीक शे, नि तो मरी गया. आज सांगतस ठीक नही. म्हंजे हाऊ वाची." हा वाचणार, असं त्यांचं सरळ गणित.

मग मी हात धुऊन त्या कुत्र्याच्या मागे लागलो. इंजेक्शन झालं तरी थांबलो नाही. सलाईन लावलं, खाणं बदललं, एक दिवसाआड काठी घेऊन केळीत हजर. ढग विरळ होत गेला आणि एका सकाळी नळी लख्ख निघाली. आनंद मावत नव्हता, पण 'ठीक आहे' म्हणायची छाती होईना. मी नळी आक्कांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाई विहीरनं त नही ना?"